कूलर कुठल्या कंपनीचा?

मार्च लागला की नागपुरातल्या घराघरांत एकच विषय असतो: कूलरवाला कधी येणार? मग एखाद्या सकाळी तो येतो, खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवरचा पत्र्याचा डबा उघडतो, तळाशी साचलेला पांढरा क्षार खरवडतो, काळ्या पडलेल्या ताट्या काढून नव्या बसवतो, पंप पाण्यात सोडून बघतो आणि जाताना बिलाचा कागद हातात देतो. त्या डब्यावर कुणाचं नाव नसतं. पत्रा एकाने ठोकलेला, मोटर दुसऱ्याकडची, पंप तिसऱ्याचा, ताट्यांमधली खस चौथ्याची. पंप जळाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून कुठलाही आणा, बसतो. या कूलरची रचना कुणाच्या मालकीची नाही. कुणीही तो बनवावा, बदलावा, विकावा. आणि तरीही त्याच्याभोवती अख्खा बाजार उभा आहे. पत्रे कापणारे, मोटर रिवाइंड करणारे, ताट्या विकणारे, गल्लीबोळातले दुरुस्तीवाले, सगळ्यांचा उन्हाळा यावर निघतो.

मी गेली बावीस वर्षं या शहरातल्या छोट्या कार्यालयांचे, दवाखान्यांचे, वकिलांचे संगणक वार्षिक कराराने सांभाळतो. लिनक्ससारख्या खुल्या, म्हणजे जिचा स्रोत (मूळ लिहिलेला कोड) कुणालाही बघता, बदलता, वाटता येतो अशा ऑपरेटिंग सिस्टीमला व्यापारी बाजारात भवितव्य आहे का, असं दर दोन-तीन वर्षांनी मला कुणीतरी विचारतं आणि दर वेळी मला हा कूलर आठवतो.

खरं तर हा प्रश्न आता शिळा झाला. २५ ऑगस्ट १९९१ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत, असं जाहीर केलं. त्याच्याही आठ वर्षं आधी, १९८३ मध्ये, मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कर्ता रिचर्ड स्टॉलमन याने अशीच मुक्त सिस्टीम बनवण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कॅन्सर म्हटलं. आज त्याच मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर विंडोजपेक्षा लिनक्सची यंत्रं जास्त चालतात. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर आहे. आपल्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. २०१९ मध्ये आयबीएमने लिनक्सवर धंदा करणारी रेड हॅट ही कंपनी ३४ अब्ज डॉलरना घेतली. जिचा माल कुणालाही उतरवून घेता येतो, अशा कंपनीला एवढे पैसे कुणी भावनेच्या भरात देत नाही.

आणि हा गाभा आज लिहितं कोण? रात्री जागणारी हौशी पोरं, ही समजूत जुनी झाली. इंटेल, गुगल, रेड हॅट, एएमडी, मेटा यांच्या पगारावर असलेली माणसं त्यातलं बहुतेक काम करतात. इतवारीतले दोन व्यापारी भाव पाडून एकमेकांच्या जिवावर उठलेले असले तरी दुकानासमोरचा रस्ता नीट असावा, हे दोघांनाही वाटतंच. गाभ्याचं तसंच आहे. तेव्हा लिनक्स बाजारात टिकेल का, ही काळजी बाजारानेच मिटवली आहे.

घोडं पेंड खातं ते टेबलावर. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, वाचनालयाच्या टेबलावर.

आमच्या भागात एक सार्वजनिक वाचनालय आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातपासून जागा धरून बसतात, म्हातारी माणसं पेपर वाचायला येतात, आणि मागच्या खोलीत नऊ संगणक आहेत. सहाव्या पिढीचे आय-थ्री, २०१६-१७ मध्ये देणगीतून घेतलेले. यंत्रं ठणठणीत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा, संपणार होता आणि विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ही यंत्रं त्या अटीत बसत नव्हती. संस्थांना पैसे भरून मुदत वाढवून घेता येते. पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. नवे संगणक घ्यायचे तर नऊ यंत्रांचे साडेतीन लाखांच्या आसपास होत होते.

कार्यकारिणीच्या बैठकीत मला बोलावलं. कोषाध्यक्ष काका म्हणाले, “भाऊ, ते लिनक्स फुकट असते म्हणे. मग तेच टाकून द्या ना. खर्चच नाही.”

बैठकीत सगळ्यांचे चेहरे उजळले. माझा उतरला.

इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे तिकडे चाळीस वर्षं गोंधळ चालला आहे. स्टॉलमनसारख्यांचं अर्धं आयुष्य तो फरक समजावण्यात गेलं. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे ‘मुक्त’ वेगळा आणि ‘फुकट’ वेगळा. पण भाषेने दिलेली ही सोय आपण वापरत नाही, कारण ‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हणही आपलीच.

माझं म्हणणं एवढंच आहे: खुली ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या संस्थांत रुजली नाही, त्याला तिचा दर्जा कारणीभूत नाही. आपण ती फुकट म्हणून मागितली आणि फुकट म्हणून वागवली, म्हणून ती रुजली नाही. परवान्याचे वाचलेले पैसे ज्या दिवशी आपण सांभाळणाऱ्या माणसाला द्यायला लागू, त्या दिवशी ती रुजेल.

पण आधी एक कबुली. नागपुरात लिनक्सची खरी लढत विंडोजशी कधी नव्हतीच, चोरीच्या विंडोजशी होती. २००४-०५ मध्ये सीताबर्डीच्या बाजारात पन्नास रुपयांत सीडी मिळायची, आत सगळं. मीही शेकडो यंत्रांवर टाकली आहे. त्या काळात या धंद्यात असलेल्या कुणी नाही म्हटलं तर मला आश्चर्य वाटेल. गिऱ्हाईक म्हणायचं, “विंडोज टाकून द्या,” आणि त्यासाठी वेगळे पैसे लागतात हे त्याच्या गावीही नसायचं. अशा बाजारात लिनक्स घेऊन जाणारा माणूस काय सांगणार? हे फुकट आहे? तेही फुकटच होतं! शिवाय त्यात गेम होते.

२००६ मध्ये मी उबुंटू नावाच्या लिनक्सच्या सीडी टपालाने मागवल्या होत्या. तेव्हा उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी कुणालाही घरपोच, एक पैसा न घेता पाठवायची. २०११ मध्ये ती सोय बंद झाली. परदेशी शिक्के असलेलं पाकीट बघून पोस्टमनने दोनदा विचारलं, “काय आहे ह्याच्यात?” मी दहा सीडी ओळखीच्यांत वाटल्या. महिन्याभराने एकाच्या घरी गेलो तर त्यावर चहाचा कप ठेवलेला होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या यंत्रावर ती सीडी बसवून देण्यात, प्रिंटर चालू करून देण्यात, पोराला शिकवण्यात कुणाचाच दोन रुपयांचा फायदा नव्हता. माझाही नव्हता. विंडोज बिघडलं की मला फोन यायचा आणि तीनशे रुपये मिळायचे. खरं सांगायचं तर बिघडणारी, व्हायरस लागणारी चोरीची विंडोज हाच माझ्या धंद्याचा पाया होता.

हे कोडं विदर्भातल्या कापूस उत्पादकाला समजावून सांगावं लागत नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बाजारात संकरित वाणांची पाकिटं आली. संकरिताचं बियाणं राखून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक सारखं येत नाही, म्हणून दर हंगामात नवं पाकीट. सरळ वाणाचं बियाणं मात्र शेतकऱ्याला घरचं घरी राखता येतं. नागपुरातच असलेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटीचे सरळ वाणही तयार केले. तरी कृषी सेवा केंद्राच्या फळीवर संकरितच दिसतं. कारण एकदा विकून पुन्हा न विकता येणाऱ्या वस्तूत दुकानदाराला रस कशाला असेल? त्याला पाकिटामागे कमिशन आहे. सरळ वाण चांगलं असेल, नसेल, शेतकऱ्याच्या कानात ते सांगणारं कुणी नाही. लिनक्सच्या कपाळीही हेच आलं. माल आहे, दुकानदार नाही.

कूलरचं मात्र जमलं, कारण त्याचा पैसा विक्रीपेक्षा सांभाळण्यात आहे. क्षार साचतो, ताटी सडते, पंप अडकतो. दर वर्षी कुणीतरी लागतं आणि त्या कुणालातरी आपण कुरकुर न करता पैसे देतो.

वाचनालयाकडे परत जाऊ. मी ‘हो’ म्हणालो, पण अंदाजपत्रक दिलं. नऊ यंत्रांना एसएसडी (वेगवान डिस्क), माझे बसवण्याचे आणि शिकवण्याचे पैसे, आणि वर्षाला यंत्रामागे हजार रुपये देखभाल. शेवटच्या ओळीवर काकांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. सध्या राहू द्या, असं ठरलं आणि काम सुरू झालं.

सात यंत्रांवर लिनक्स मिंट बसवलं. परीक्षेच्या मुलांना दोन दिवसांत सवय झाली. त्यांना ब्राउझर उघडण्याशी मतलब, खाली काय आहे याच्याशी त्यांना काहीच घेणं नव्हतं. दोन यंत्रं मी मुद्दाम सोडली. एकावर टॅली आहे आणि टॅली विंडोजवरच चालते. दुसऱ्यावर डिजिटल सहीची डोंगल लागते. तिचा ड्रायव्हर लिनक्सवर कधी चालतो, कधी रुसतो. लिनक्सची तळमळ असलेले माझे मित्र हा भाग नेहमी टाळतात. इतवारीतल्या व्यापाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टीम नकोच असते, त्याला टॅली हवी असते. तुमची सिस्टीम कितीही मुक्त असो, त्याचा सीए ज्यात हिशेब मागतो ते तिच्यावर चालत नसेल तर ती त्याच्या दृष्टीने पत्र्याचा रिकामा डबा.

खरी परीक्षा झाली ती लिपिक ताईंच्या टेबलावर. दहा वर्षांची इतिवृत्तं त्यांनी एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. हे जुने फॉन्ट म्हणजे एक सोंग असतं. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी अक्षरं साठवतो आहोत, पडद्यावर त्यांना मराठी मुखवटा चढवलेला असतो. मुखवटा काढला की खाली इंग्रजी कचरा. म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे लहानसा प्रोग्राम, लिहून सगळ्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत आणल्या. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी ताईंचा फोन.

“भाऊ, तुमचं ते नवीन कॉम्प्युटर आचाऱ्यांना आचार्य करून राहिलं.”

जाऊन बघतो तर खरंच. वार्षिकोत्सवाच्या जेवणाचे साडेसात हजार ‘आचाऱ्यांना’ दिल्याची नोंद होती, ती ‘आचार्यांना’ दिल्याची झाली होती. युनिकोडमध्ये साधा र, हलन्त आणि य आला की ‘सूर्य’मधल्यासारखा रफार होतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’मधला तो केसासारखा वाकडा र हवा असेल तर नुक्ता असलेला वेगळा र घ्यावा लागतो. हिंदीत या आकाराची गरजच पडत नाही, त्यामुळे मराठीकडे लक्ष नसलेल्या कुठल्याही अवजारात तो पहिल्यांदा तुटतो. माझ्या स्क्रिप्टमध्येही तुटला, दोष माझाच. मी ती दुरुस्त केली, ताईंनी एकेक इतिवृत्त उघडून तपासलं, आणखी चार ठिकाणी चुका दाखवल्या. त्यांच्या बोटांना टंकलेखन यंत्राच्या जुन्या मांडणीची सवय होती, तो कळफलक शोधून बसवला. आता त्या मजेत आहेत. पण या एका ‘आचाऱ्या’पायी माझे पाच दिवस आणि त्यांचे दोन दिवस गेले. लिनक्सची किंमत म्हणतात ती ही.

आणि यात एक गंमत आहे. पडद्यावर मराठी जोडाक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाची एक खुली लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) करते. अँड्रॉइडमध्ये तीच, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तीच, लिबरऑफिसमध्येही तीच. नावही फारसी ‘हर्फ बाज’वरून, म्हणजे खुलं अक्षर. हा लेख तुम्ही अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर यातला प्रत्येक रफार तिनेच बसवला आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्टही खुले आहेत. मराठी मजकूर आज कुठेही न फुटता वाचता येतो, याचं मोठं श्रेय अशा खुल्या कामाला जातं. बंद अवजारांच्या काळात दर फॉन्टमागे पैसे मोजूनही मुखवटाच मिळत होता.

आता ‘फुकट’ची दुसरी बाजू. ही बाजू मला जास्त घाबरवते.

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याच्या लक्षात आलं की त्याच्या लिनक्स यंत्रावर दूरून लॉगइन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसरा कुणी असता तर चहा घ्यायला गेला असता. तो मागे लागला आणि त्याला एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या छोट्या साधनात कुणीतरी पेरलेलं चोरदार सापडलं. ते जगभरातल्या सर्व्हरपर्यंत पोचायच्या बेतात होतं. पेरलं कसं? ते साधन वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा एकटा माणूस विनामोबदला सांभाळत होता. थकलेला होता, प्रकृतीही ठीक नव्हती. जिया तान या नावाने कुणीतरी दोन-अडीच वर्षं गोड बोलून मदत करत राहिलं, कामं उपसत राहिलं, विश्वास मिळवला आणि किल्ल्या ताब्यात घेतल्या. दुसरीकडून काही अनोळखी नावं कॉलिनच्या मागे लागली होती: एवढा उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. यातले तगादा लावणारे एक पैसाही देत नव्हते, हे सांगायला नको.

आपण म्हणतो, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारा. खुल्या प्रणालीच्या तळाशी असे भाकऱ्या भाजणारे बरेच आहेत आणि त्यांच्या भाकरीवर अब्जावधी डॉलरचे व्यवहार चालतात. वरच्या गाभ्याला कंपन्यांचा पगार आहे, खालच्या लहानसहान सुट्या भागांना पुष्कळदा तो नाही. (तो अर्धा सेकंद पकडणारा फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत होता. बामरसाहेबांना कुणी कळवलं की नाही कोण जाणे.)

म्हणून ‘खुलं आहे, हजार डोळे बघतात, सुरक्षित आहे’ हे वाक्य मी गिऱ्हाइकाला सांगणं सोडून दिलं. हजार जणांना बघता येतं; बघण्याचे पैसे किती जणांना मिळतात हे विचारावं. बंद प्रणालीत हीच गोष्ट झाली असती तर फ्रॉइंडला तो अर्धा सेकंद जाणवला असता, पण आत शिरून बघता आलं नसतं, हेही तितकंच खरं. उघडा दरवाजा कामाचा आहेच, पण पहारेकऱ्याला पगार हवा.

आणि मालक बदलला की काय होतं तेही बघितलेलं बरं. रेड हॅटच्या सशुल्क प्रणालीचीच मोफत आवृत्ती म्हणून सेंटओएस जगभर वापरली जात होती. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९पर्यंत आधार मिळेल असं ठरलं होतं. डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झालं की तो २०२१अखेरच संपेल. जून २०२३मध्ये सशुल्क प्रणालीचा स्रोतही ग्राहकांपुरता मर्यादित झाला. यावर बरीच शिवीगाळ झाली. मला ती अर्धीच पटली. फुकट घेणाऱ्याने ‘तुम्ही शब्द दिला होता’ म्हणावं आणि देणाऱ्याने ‘तुम्ही पैसे कधी दिले?’ म्हणावं, यात दोघंही खोटं बोलत नाहीत. पण महत्त्वाचं हे, की २०२०च्या घोषणेनंतर काही महिन्यांतच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन पर्याय उभे राहिले होते. बंद प्रणालीचा मालक फिरला की दार लागतं. खुल्या प्रणालीचा मालक फिरला तर शेजारी दुसरी चूल मांडता येते, फक्त लाकूडफाट्याचा खर्च कुणीतरी करावा लागतो.

अँड्रॉइडमध्ये मात्र आयत्या बिळावर नागोबा बसला. स्रोत खुला, पण प्ले स्टोअर आणि गुगलच्या सेवा नसतील तर तो फोन आपल्याकडे कुणी हातात धरणार नाही. आणि त्या सेवा देण्याच्या अटी गुगलच्या. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. खुलेपणा फक्त स्रोतात असून भागत नाही, एवढं यातून घ्यायचं.

मग सरकारने, शाळांनी, पालिकांनी काय करावं? जर्मनीतलं म्युनिक शहर २००३ मध्ये लिनक्सकडे निघालं, सुमारे पंधरा हजार यंत्रं हलवली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. आमच्याकडे लिनक्सचं नाव काढलं की कुणीतरी हे उदाहरण तोंडावर फेकतं. त्यांना मी केरळ दाखवतो. तिथल्या सरकारी शाळांनी २०००च्या दशकात मुक्त सॉफ्टवेअर घेतलं आणि आजही ते टिकून आहे. दहावीच्या मुलांची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षा त्यावर होते. फरक कशाने पडला? केरळने सीडी वाटून हात झटकले नाहीत. शिक्षकांना शिकवलं, शाळेत यंत्रं सांभाळू शकणारे शिक्षक तयार केले, आपल्या अभ्यासक्रमाला जुळणारी स्वतःची आवृत्ती ठेवली आणि या सगळ्यासाठी कायमची यंत्रणा उभी केली, जी आज काइट या नावाने चालते. थोडक्यात, त्यांनी कूलरवाला नेमला.

आपल्या महाराष्ट्रात २००१पासून एमएस-सीआयटीने लाखो माणसांना संगणकाशी ओळख करून दिली, हे उपकार आहेत. त्यातलं ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण मी अनेक पोरांना छातीठोकपणे ‘मायक्रोसॉफ्ट’ सांगताना ऐकलं आहे, आणि त्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही. वर्ड म्हणजे लिहिणं आणि एक्सेल म्हणजे हिशेब, अशी पिढी तयार झाली. ‘मुलांना नोकरी लागायची तर विंडोजच शिकवा’ हा युक्तिवाद तिथूनच येतो. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत. तिथे टेबलावर विंडोज असेल, पण जे सर्व्हर सांभाळायला माणसं लागतात त्यांतले बहुतेक लिनक्सचे. काळ्या खिडकीत चार आज्ञा टाइप करायला न घाबरणारं पोर मुलाखतीत कुठे बसतं आणि फक्त पॉवरपॉइंट येणारं कुठे, हे मी माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलांवरून सांगू शकतो.

केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५पासून आहे. निविदेत पुरवठादाराला खुल्या पर्यायाचा विचार करायला सांगावा आणि तो वगळला तर कारण मागावं, असं त्यात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात खरेदीच्या निविदेत कंपनीच्या नावासकट ऑपरेटिंग सिस्टीम लिहिलेली असते आणि कारण कुणी विचारत नाही. केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये बॉस लिनक्स आणलं, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारलेलं माया. स्वतःचं नाव दिलेली सिस्टीम काढायला माझी हरकत नाही, पण डब्यावर कुठलं नाव रंगवलं याने कूलर थंड हवा देत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी ती सांभाळणारे दहा माणसं पगारावर आहेत का, ते सांगा. शासकीय पत्रकात मला तो आकडा वाचायचा आहे.

परावलंबनाची भीती खोटी नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. हा मामला ऑपरेटिंग सिस्टीमचा नव्हता, ईमेलसारख्या सेवांचा होता. पण पैसे पूर्ण भरलेले असतानाही दुसऱ्या खंडातल्या निर्णयाने आपलं टेबल थांबू शकतं, हे दिसलं. त्यानंतर स्वदेशीची एकच हाक उठली. हाक ठीक आहे, फक्त स्वदेशी म्हणजे मुक्त नव्हे. बंद किल्ली अमेरिकेतल्या कंपनीच्या खिशातून चेन्नईतल्या कंपनीच्या खिशात गेली तर अंतर कमी होतं, किल्ली आपल्या हातात येत नाही.

मला विचाराल तर नागपूर जिल्ह्यापुरती सुरुवात अगदी साधी आहे. शाळा, वाचनालयं, पालिकेची कार्यालयं यांच्या अंदाजपत्रकात परवान्याचे वाचलेले पैसे बचत म्हणून न दाखवता त्याच रकान्याखाली ‘देखभाल’ म्हणून ठेवायचे. त्यातून आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना तालुक्या-तालुक्यात कामं द्यायची. त्यातला थोडासा वाटा, अगदी शेकडा एक का असेना, ज्या सुट्या खुल्या साधनांवर आपलं काम चालतं त्यांच्या सांभाळकर्त्यांना पाठवायचा. टॅली आणि डोंगलची दोन यंत्रं विंडोजवर राहू द्यायची, त्यावरून धर्मयुद्ध करायचं नाही. एवढ्याने बाजार उभा राहील का? कूलरचा राहिला. त्यालाही कुणी अनुदान दिलं नव्हतं, फक्त सांभाळण्याचं बिल नाकारलं नव्हतं.

यंदाच्या मार्चमध्ये वाचनालयात गेलो तेव्हा कूलरवाला आलेला होता. चार कूलरच्या ताट्या, दोन पंप, मजुरी, एकूण तीन हजार चारशे. काकांनी चष्मा न लावताच सही केली. मग माझा कागद हातात घेतला: नऊ यंत्रांची वार्षिक देखभाल, नऊ हजार. चष्मा लावला. दोनदा वाचलं.

“पण भाऊ,” ते म्हणाले, “लिनक्स तर फुकट असते ना?”

शेजारच्या टेबलावर ताई इतिवृत्त टाइप करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “काका, कूलरमधली हवाही फुकटच असते.”

काकांनी कागद फाइलमध्ये ठेवला. पुढच्या बैठकीत बघू, म्हणाले.